विषाची परीक्षा पाहणारा माणूस

विषाची परीक्षा पाहू नये, असे आपल्याकडे लहानपणापासून बजावले जाते. जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश गृहस्थांनी उभे आयुष्य नेमके तेच केले, आणि तेही स्वतःच्या देहावर. इतिहासात अशी वेडी माणसे अधूनमधून होतात आणि त्यांच्या वेडेपणावर आपण शहाणी माणसे निवांत झोपतो. आज जगातल्या लाखो घरांत भिंतीवर एक तळहाताएवढी डबी टांगलेली असते. घरात कार्बन मोनॉक्साइड साठू लागला की ती कर्कश ओरडते. त्या डबीने किती वायूला किती मिनिटांनी ओरडावे, हा हिशेब ज्या ज्ञानावर उभा आहे त्याचा पाया हाल्डेन यांनी घातला. आपल्याकडे मात्र ही डबी अजून फारशी कोणी पाहिलेलीही नाही. म्हणून आज या माणसाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. आमच्या विषयात हाल्डेन हे नाव पावलोपावली भेटते. श्वसनाचा धडा काढा, रक्ताचा काढा, पाणबुड्यांच्या आजाराचा काढा, हे गृहस्थ तिथे हजर. पण वर्गात नाव सांगितले की हुशार मुले हटकून दुसऱ्याच हाल्डेनबद्दल विचारत. ते म्हणजे यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ साली इंग्लंड सोडून ते कलकत्त्याला आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. मुलाची कीर्ती एवढी मोठी की बाप तिच्या सावलीत गेला. खरे तर मुलाला घडवला तो बापाच्या प्रयोगशाळेने.

जॉन स्कॉट यांचा जन्म १८६० सालचा, एडिंबरोचा. घराणे जुने आणि नामांकित. त्यांचे थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले, बहीण एलिझाबेथ लेखिका होती. या घराण्याच्या बोधचिन्हावर एकच शब्द आहे, त्याचा मराठीत अर्थ सोसा असा होतो. पूर्वजांनी तो कोणत्या अर्थाने निवडला असेल तो असो, जॉन स्कॉट यांनी तो अक्षरशः पाळला. १८८४ साली ते एडिंबरोहून डॉक्टर होऊन बाहेर पडले, पण दवाखाना काही थाटला नाही. त्यांना रोग्यापेक्षा रोगी ज्या हवेत राहतो त्या हवेत अधिक रस होता.

नोकरी मिळाली डंडी या गिरणगावात. तिथे तागाच्या गिरण्या, आणि गिरण्यांभोवती एकेका खोलीत राहणारी कामगार कुटुंबे. परळ-लालबागच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे वर्णन नको. रसायनशास्त्राचे प्राध्यापक कार्नेली यांच्याबरोबर हाल्डेन मध्यरात्रीनंतर या खोल्यांची दारे ठोठावत, आणि झोपलेल्या माणसांच्या उशाशी काचेच्या बाटल्यांत हवा भरून घेत. दिवसा ठोठावून उपयोग नव्हता. माणसे झोपलेली, दारे-खिडक्या बंद, अशा वेळी खोलीत जी हवा असते तीच त्यांना हवी होती. त्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड किती, सेंद्रिय द्रव्ये किती, जंतू किती, याची मोजदाद १८८७ साली प्रसिद्ध झाली. शाळांच्या वर्गांतली हवाही त्यांनी अशीच मोजली. मग ते गटारात उतरले. तिथे मौजेची गोष्ट निघाली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे गटारातली हवा म्हणजे रोगांचे माहेरघर, पण तिच्यात रस्त्यावरच्या हवेपेक्षाही जंतू कमी सापडले. पार्लमेंटाच्या इमारतीखालचे गटारही त्यांनी सोडले नाही.

त्याच वर्षी ते ऑक्सफर्डला आले. तिथे त्यांचे मामा बर्डन सँडरसन शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. कोंदट हवेत माणसाला नेमके काय होते हे पाहण्यासाठी हाल्डेन यांनी एक हवाबंद पेटी करवून घेतली आणि ते स्वतः तिच्यात बसू लागले. आत माणूस, झाकण बंद, आणि बाहेरचे सहकारी काचेतून पाहताहेत. किती वेळ? जीव कासावीस होईपर्यंत. १८९१ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी लुईसा करारी बाई होती, आणि नवऱ्याच्या या उद्योगांपुढे तसे असण्यावाचून तिला दुसरा इलाजही नसावा.

आता त्या विषाकडे वळतो. लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, गॅस, काहीही जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की घशाला खवखवत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर तो प्राणवायूची जागा बळकावतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५७ च्या सुमारास दाखवून दिले होते. मुंबईच्या लोकलचा दृष्टांत देऊन मी हे मुलांना समजावत असे. हिमोग्लोबिन ही गाडी. प्राणवायू हा सभ्य प्रवासी, फुफ्फुसात चढतो आणि आपले स्टेशन आले की उतरतो. कार्बन मोनॉक्साइड एकदा खिडकी पकडून बसला की उठत नाही. जागा पकडण्याची त्याची ताकद प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक. त्यामुळे हवेत तो चिमूटभर असला तरी हळूहळू सगळा डबा त्याचाच होतो. गाड्या धावताहेत, प्रवासी मात्र कुठेच पोहोचत नाहीत. शरीराची उपासमार अशी होते.

एवढे ठाऊक होते. पण हवेत किती प्रमाण असले तर माणूस किती वेळात लोळतो, आधी काय होते आणि मग काय होते, हे माणसाच्या बाबतीत नीट मोजले गेले नव्हते. १८९५ साली हाल्डेन यांनी ते मोजले. तेव्हा ते पस्तिशीत होते, घरी तीन वर्षांचा मुलगा होता. ठरावीक प्रमाणात वायू मिसळलेली हवा ते नळीने ओढत, ठरावीक वेळाने बोट टोचून रक्ताचा थेंब काढत आणि निरीक्षणे लिहीत जात. रक्तातला वायू मोजायची त्यांची रीत इतकी साधी होती की आजही कौतुक वाटते. निरोगी रक्ताचा थेंब भरपूर पाण्यात मिसळला की पाणी पिवळसर दिसते, वायू लागलेल्या रक्ताचे गुलाबी दिसते. त्या गुलाबी छटेशी रंगाचे प्रमाणित द्रावण जुळवायचे आणि टक्केवारी काढायची.

एकामागून एक असे प्रयोग त्यांनी केले. सुरुवातीला काहीच वाटत नसे. पुढे जिना चढताना धाप, छातीत धडधड, डोके जड. आणखी पुढे नजर अंधुक, पाय लटपटते, अक्षर वेडेवाकडे. एका प्रयोगात त्यांच्या निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिनचा ताबा वायूने घेतला होता आणि त्यांना आधाराशिवाय धड चालताही येत नव्हते, तेव्हा कुठे ते थांबले. हवेत हजारात दोन भाग हा वायू असला तर धोका गंभीर, आणि त्याहून पुष्कळ कमी असला तरी तासन्‌तास श्वासात गेला तर अपायकारक, हे त्यातून ठरले. वायूचे प्रमाण आणि काळ या दोन्हींचा एकत्र विचार करायचा, ही गोष्ट तिथून पक्की झाली.

या प्रयोगांत त्यांचा एक सोबती होता, पिंजऱ्यातला उंदीर. एवढासा जीव, श्वास भरभर, रक्त भरभर फिरते, त्यामुळे माणसापेक्षा सुमारे वीसपट लवकर त्याला वायूची बाधा होते. आपल्याला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी तो लोळतो. याचा उपयोग काय, हे हाल्डेन यांच्या तेव्हाच ध्यानात आले. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रयोग केला. दुप्पट दाबाच्या शुद्ध प्राणवायूत उंदराला ठेवले आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडला. हिमोग्लोबिन जवळजवळ निकामी झाले तरी उंदीर जगला, कारण दाबाखाली प्राणवायू रक्तद्रवातच विरघळून शरीराला पुरला. आज या विषबाधेच्या रोग्याला प्राणवायूचा मुखवटा लावतात आणि जिथे सोय असेल तिथे दाबाच्या कोठडीत ठेवतात. त्या उपचाराचे मूळ इथे सापडते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूत साधारण दीड तास.

प्रयोगशाळेतले हे ज्ञान बाहेर पडायला फार दिवस लागले नाहीत. २७ जानेवारी १८९६ रोजी दक्षिण वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसे गेली. हाल्डेन तिथे पोहोचले आणि त्यांनी प्रेतांची तपासणी केली. सगळ्यांची समजूत अशी की ही माणसे स्फोटाने भाजून, चिरडून मेली. हाल्डेन यांना मात्र बहुतेकांचे चेहरे गुलाबी, जणू टवटवीत दिसले. रक्ताच्या थेंबाने तेच सांगितले. स्फोटाने थोडेच मेले होते, बाकीचे त्यानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. म्हणजे स्फोट होऊन गेल्यावरही ही माणसे जिवंत होती, त्यांच्या हाताशी थोडा वेळ होता, आणि आपण कुठल्या हवेत आहोत हे सांगणारे मात्र कोणी नव्हते. त्याच वर्षी त्यांनी सरकारला दिलेला अहवाल खाणींच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. खाणीत उतरताना सोबत एखादा लहान, उष्ण रक्ताचा प्राणी न्यावा, अशी शिफारस त्यात आहे.

पुढच्या वर्षी आयल ऑफ मॅन बेटावर स्नेफेल येथील शिशाच्या खाणीत आग लागून २० कामगार याच वायूने गेले. चौकशीसाठी सरकारचे खाणनिरीक्षक क्लेमेंट ल नेव्ह फॉस्टर काही दिवसांनी खाली उतरले. हा माणूस नवशिका नव्हता, खाणशास्त्राचा मोठा जाणकार होता. तरी तोही वायूत सापडला. मरण समोर दिसल्यावर त्याने खिशातली वही काढून बायकामुलांना निरोप लिहायला घेतला. त्या निरोपात तीच ती वाक्ये पुनःपुन्हा येतात. निरोप घेऊन झाला तरी पुन्हा घेतला आहे, आणि दुखत काही नाही, स्वप्नात असल्यासारखे वाटते आहे, असेही नोंदवले आहे. सुदैवाने फॉस्टर वाचले. पुढे त्यांनी आणि हाल्डेन यांनी मिळून खाणीतल्या हवेच्या तपासणीवर पुस्तकही काढले. हाल्डेन यांच्या घरीही अशीच एक हकीकत सांगत असत. कुठल्याशा खाणीतल्या अपघातानंतर त्यांनी आपण सुखरूप असल्याची तार घरी केली, मग तीच तार पुन्हा केली, आणि पुन्हा. आधीची केल्याचे त्यांच्या लक्षातच राहिले नव्हते.

या वायूची खरी भीती मला इथे वाटते. तो पहिला घाला घालतो तो मेंदूवर, आणि मेंदूतही आधी विवेकावर नि स्मरणावर. आपल्याला काहीतरी होते आहे, उठून बाहेर गेले पाहिजे, हे ज्याने ओळखायचे तोच आधी गुंगीत जातो. फॉस्टरसारख्या तज्ज्ञाची ही कथा, तिथे झोपलेल्या माणसाचे काय? १९०२ साली सप्टेंबरच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल झोला हा जगप्रसिद्ध कादंबरीकार आपल्या शयनगृहात असाच गेला. धुराडे तुंबलेले होते, शेकोटीचा वायू खोलीत कोंडला. पत्नी वाचली. धुराडे मुद्दाम बुजवले होते की काय, याची चर्चा फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षे चालली.

पॅरिस कशाला, आमच्याच इमारतीतली गोष्ट सांगतो. डिसेंबरातली सकाळ, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी अंघोळीला गेली ती बाहेर येईना. हाका मारून झाल्या, शेवटी दार फोडले. आत गॅस गीझर चालू, थंडी म्हणून झडपांच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला आणि मुलगी जमिनीवर. मोकळ्या हवेत आणल्यावर ती थोड्या वेळाने शुद्धीवर आली. जमलेल्या मंडळींनी निदानही करून टाकले. कोणी म्हणाले आदल्या दिवशीचा उपास, कोणी म्हणाले अशक्तपणा. दोन दिवसांपूर्वी अंघोळीनंतर तिच्या आईचेही डोके दुखून मळमळले होते, हे मी विचारल्यावर आठवले. मुलगी रुग्णालयात प्राणवायूवर राहून बरी झाली. दर हिवाळ्यात गॅस गीझरने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत असतात. नवविवाहित जोडपी असतात, लहान मुले असतात. एका बादलीएवढ्या वेळात हे घडते.

सिलिंडरमधल्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो ज्योतीत तयार होतो. गीझरची ज्योत मोठी, न्हाणीघर चिमुकले, हवा यायला वाट नाही. काही मिनिटांत प्राणवायू कमी पडतो आणि ज्वलन बिघडते. गॅस गळला तर कळावे म्हणून कंपन्या त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात, पण तेही ज्योतीत जळून जाते. म्हणजे नाकाचा उपयोग संपला. चूल बिघडल्याची एकच खूण डोळ्यांना दिसते. निळी ज्योत पिवळी होते आणि पातेल्याची बुडे काळी पडू लागतात. कोळशाच्या शेगडीला तर तीही खूण नाही. निखारे लालबुंद फुलले, धूर थांबला, की शेगडी निर्धोक झाली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जोमाने निघतो तो याच वेळी. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून खोलीची दारे लावून घ्यायची आपल्याकडची जुनी रीत आठवली की माझ्या अंगावर काटा येतो. पोटातल्या गर्भाचे हिमोग्लोबिन तर हा वायू अधिकच घट्ट धरून ठेवते, त्यामुळे गरोदर बाईने अशा खोलीत बसूच नये.

हाल्डेन यांनी सुचवलेल्या लहान प्राण्यांत उंदरापेक्षा कॅनरी हा पिवळा पक्षी खाणकामगारांना अधिक पसंत पडला. पक्षी दांडीवर बसतो, बाधा झाली की डोलतो, खाली पडतो, आणि अंधुक उजेडातही हे चटकन दिसते. १९११ च्या कायद्याने ब्रिटनच्या खाणींवरील बचावकेंद्रांना असे लहान पक्षी किंवा उंदीर बाळगणे भाग झाले. कामगारांचा या पक्ष्यांवर फार जीव असे. त्यांच्यासाठी खास पिंजरे बनले, वर प्राणवायूची लहानशी नळकांडी. पक्षी पडला की पिंजऱ्याचे दार बंद करायचे, चावी फिरवायची, आणि पक्षी पुन्हा उठून बसायचा. असा एक पिंजरा मँचेस्टरच्या विज्ञानसंग्रहालयात आहे. पक्ष्याचा बळी देऊन माणूस वाचवायचा, असा कोरडा हिशेब त्या खाणकऱ्यांनी केला नाही, याचे मला बरे वाटते.

ऑक्सफर्डला चेरवेल नदीकाठी हाल्डेन यांनी घर बांधले, त्यात प्रयोगशाळा आणि हवाबंद कोठडीही होती. मुलगा जॅक आणि मुलगी नेओमी या वातावरणात वाढली. नेओमी पुढे नामवंत कादंबरीकार झाली. जॅकला वडील खाणीतही नेत. एकदा एका जुन्या बोगद्यात त्यांनी मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले मार्क अँटनीचे भाषण म्हणायला लावले. छताशी मिथेन साठलेला होता. भाषण फार पुढे सरकण्याआधीच मुलाला धाप लागली, पाय गळाले आणि तो खाली बसला. खाली येताच हवा चांगली मिळून तो सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि वर जातो, हा धडा त्याला जन्मभर पुरला. आज कुठल्या बापाने असे केले तर शेजारी पोलिसांत जातील.

घरच्या वायूंनाही हा धडा लागू आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. म्हणून गळती ओळखणारे यंत्र ओट्याखाली, फरशीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइडचे वजन जवळजवळ हवेइतकेच, किंचित कमी. तो खोलीभर सारखा मिसळतो. उभे राहा की निजा, सुटका नाही.

हाल्डेन यांचे बाकीचे आयुष्यही असेच भरगच्च आहे, पण ते इथे भराभर सांगतो. आपला श्वास मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडच्या ओढीवर चालतो हे त्यांनी प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर १९०५ साली दाखवले. पाणबुड्यांनी समुद्रतळातून टप्प्याटप्प्याने कसे वर यावे याची कोष्टके १९०८ साली दिली. १९११ साली अमेरिकेतल्या पाइक्स पीक शिखरावर राहून विरळ हवेचा अभ्यास केला. १९१५ साली जर्मनांनी ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडला तेव्हा ते तातडीने आघाडीवर गेले, वायू ओळखला आणि परत येऊन मुखवट्यांच्या खटपटीला लागले. रक्तातले हिमोग्लोबिन मोजायच्या त्यांच्या उपकरणात तुलनेसाठी जे प्रमाणित द्रावण असे, ते कार्बन मोनॉक्साइड लावलेल्या रक्ताचेच. हा वायू एकदा धरला की सोडत नाही, म्हणून रंग टिकतो. शत्रूला असे नोकरीला ठेवण्याची कल्पना मला नेहमीच आवडत आली आहे. १९३४ साली त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. पंचाहत्तरी उलटल्यावर ते इराण-इराकच्या तेलकारखान्यांत उष्माघाताची पाहणी करायला गेले, परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डच्या घरी वारले. ते घर आता नाही. त्या जागी वुल्फसन कॉलेज उभे आहे.

कॅनरी मात्र त्यांच्यानंतर पन्नास वर्षे खाणीत उतरत राहिले. १९८६ साली ब्रिटनने उरलेल्या दोनशेवर पक्ष्यांना निवृत्त करायचे ठरवले आणि त्यांची जागा हातात धरायच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली. घरगुती अलार्म पुढल्या दशकात पसरले. अमेरिकेत शिकागो शहराने १९९४ साली ते घरोघरी सक्तीचे केले. आरंभीच्या काही अलार्ममध्ये हिमोग्लोबिनची नक्कल करणारी चकती असे. वायू लागला की तिचा रंग गडद होई आणि यंत्र ते ओळखे. म्हणजे हाल्डेन यांची रंग जुळवायची रीतच की! आता बहुतेकांत रासायनिक घट असतो. वायू त्यात शिरला की सूक्ष्म वीज वाहते, आणि ती मोजली जाते.

हे अलार्म वायू दिसल्याबरोबर ओरडत नाहीत. युरोपातल्या मानकाप्रमाणे हवेच्या दशलक्ष भागांत ५० भाग वायू असेल तर ते एक ते दीड तासात वाजतात, १०० भाग असतील तर दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० असतील तर तीन मिनिटांच्या आत. रक्त किती वेळात किती भरेल, याचा हिशेब त्यांच्या पोटात असतो. १८९५ साली बोट टोचटोचून ज्याची सुरुवात झाली तोच हा हिशेब.

आपल्याकडे गॅसगळतीचा अलार्म काही घरांत दिसतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. धुराच्या अलार्मलाही कळत नाही. हा अलार्म वेगळा मागून घ्यावा लागतो, झोपायच्या खोलीजवळ लावावा लागतो, आणि त्याचे आयुष्य मर्यादित असते. पाच, सात किंवा दहा वर्षांनी तो बदलायचा, तारीख मागे छापलेली असते. बटण दाबून आवाज आला म्हणजे भोंगा शाबूत आहे एवढेच कळते. आतला घट म्हातारा झाला असेल तर ते बटण सांगत नाही. आणि अलार्म आहे म्हणून गीझर आत ठेवायचा, हे तर मुळीच नको. गॅस गीझरची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. तो आजच हलवता येत नसेल तर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, खोलीतली हवा बदलू द्यावी आणि मग अंघोळीला जावे. निव्वळ पंख्यावर विसंबू नये. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर पंखा काय खेचणार? जनरेटर बाल्कनीत किंवा जिन्याखाली नको. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नये. पेटलेली शेगडी खोलीत घेऊन झोपू नये.

अलार्म वाजला, किंवा घरातल्या दोघाचौघांची डोकी एकाच वेळी दुखू लागली आणि बाहेर गेल्यावर थांबली, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडावे. चूक कुठे आहे ते नंतर शोधता येते. रुग्णालयात एक गोष्ट आपण होऊन सांगावी. २०२० च्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. त्यावर ९८ आकडा दिसला की आपण निर्धास्त होतो. पण हे यंत्र रक्ताचा रंग पाहते आणि कार्बन मोनॉक्साइड लागलेले रक्त त्याला प्राणवायू भरलेल्या रक्तासारखेच लालभडक दिसते. टायलर्सटाउनच्या खाणीत वर काढलेल्या माणसांचे चेहरे असेच टवटवीत होते. डॉक्टरांना गीझरचे किंवा शेगडीचे सांगावे, आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड स्वतंत्रपणे मोजायला सांगावे. ती तपासणी वेगळी असते.